भाकरीची पावलं

माझ्या लेकाने मला घड्याळ भेट दिलं, असं तो सगळ्यांना सांगतो. ते काही खरं नाही. त्याने मला जामिनावर सोडलं होतं आणि जामीन म्हणून ते माझ्या मनगटावर बांधलं होतं.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीत पडले. साबणावरून पाय निसटला, एवढंच. पण पडताना डावा हात टेकवला आणि मनगट मोडलं. दार आतून बंद, बाहेर बोअरची मोटार चालू, त्यामुळे मी कितीही ओरडले तरी माझं मलाच ऐकू येत होतं. सगळी नोकरी शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज त्या दिवशी न्हाणीच्या दाराबाहेर गेला नाही.

आमच्या आणि शेजारणीच्या अंगणामध्ये छातीएवढी भिंत आहे. ती रोज सकाळी खुरपं घेऊन शेतात निघायच्या आधी भिंतीवरून विचारते, "बाई, चा झाला का?" मी म्हणते, "झाला, तुझा?" ती म्हणते, "झाला." संपलं. चहाला कुणी कुणाला बोलवत नाही, नुसती चौकशी. त्या सकाळी तिने विचारलं आणि माझं उत्तर गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. मग तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला, भिंतीवरून अलीकडे उतरली आणि खुरप्याने न्हाणीची कडी उचकटली. माझ्याच वयाची बाई आहे, पण भिंत चढली.

लेक पुण्याहून आला आणि मला गाडीत घालून घेऊन गेला. प्लॅस्टर निघेपर्यंत मी त्याच्याकडे होते. तिथे मला काही कमी नव्हतं. सून चांगली आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही, पण आहे. अडचण एवढीच की तिथे मला रागवायला कुणी नव्हतं. आमच्या गावी, झरीत, मी रस्त्याने निघाले की टपरीवरचे बापे गडी हातातली बिडी पाठीमागे लपवतात, कारण त्यांना पाढे मी शिकवले आहेत. नातवंडं झालेली माणसं मला बघून उभी राहतात. झरीत मी 'बाई' आहे. पुण्यात लिफ्टमध्ये मी कुणाची तरी 'काकू' होते, आणि ती लिफ्टसुद्धा माझं ऐकत नव्हती. मला माझ्या घरी जायचं होतं. दोघांच्या पगारातून बांधलेल्या, पुढे गुलमोहर असलेल्या आमच्या दोन खोल्यांत. आमचे हे गेल्यावर तर जास्तच.

लेकाने बराच विचार केला आणि एका संध्याकाळी ते काळं चौकोनी घड्याळ घेऊन आला. डावं मनगट अजून दुखत होतं म्हणून उजव्या हातावर बांधलं आणि अटी सांगितल्या. घड्याळ सदा हातात राहील. रोज चालायचं, किती चाललीस ते त्याला पुण्यात दिसेल. हृदयाचे ठोकेही दिसतील. काही झालं तर बाजूचं बटण दाबून धरायचं, की धोक्याचा निरोप त्याला जाईल.

"आणि आई, पुन्हा एकदा जरी पडलीस," तो म्हणाला, "तर घराला कुलूप. मग मी काही ऐकणार न्हाई."

मी मान हलवली. वर्गातली उनाड पोरं माझ्यापुढे जशी मान हलवायची तशीच.

झरीत उतरले आणि पहिल्याच दिवशी घड्याळाने मला हुकूम सोडला, उभं राहायची वेळ झाली आहे. सगळी नोकरी मी दुसऱ्यांना उभं केलं. आता हे माझ्या हातावर बसून मला उभं करायला लागलं. मी रागाने बसूनच राहिले. थोड्या वेळाने त्याने मला श्वास घ्यायला सांगितलं. मग इतकी वर्षं मी काय घेत होते, असं मी त्याला मोठ्याने विचारलं. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "बाई, कुणासंगं भांडायलाव?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या सगळ्या बाया माझ्या ओट्यावर जमल्या.

"ह्याच्यात शुगर कळती का ओ बाई?"

"मनातलं कळतं म्हणत्यात."

"मनातलं कळलं तर माझ्या नवऱ्याला बांधा, बघू तरी काय हाय त्येच्या मनात."

ठोके मात्र कळतात, असं मी सांगितलं आणि तिथे चूक झाली. घड्याळ या हातावरून त्या हातावर फिरायला लागलं. प्रत्येकीचे ठोके मोजले, त्यावर चर्चा झाली. कुणाचे मंद म्हणून तिला आळशी ठरवलं. शेजारणीची शेळी तेवढ्यात दावं सोडून पळाली, तिच्यामागे ती गल्लीच्या टोकापर्यंत धावून आली आणि धापा टाकतच मनगट पुढे केलं. आणि माझा फोन वाजला.

"आई, तू बसलीस ना? बसून राहा. तुझ्या हृदयाचं काय चाललंय? मघाशी एकदम कमी, आता एकदम जास्ती!"

"काही नाही रे," मी म्हणाले, "शेळी सुटली होती."

खरा प्रकार कळल्यावर तो फार चिडला. घड्याळ हे कुंकवाच्या करंड्यासारखं सगळ्यांपुढे फिरवायचं नसतं, असं त्याने मला बजावलं. मी पुन्हा मान हलवली.

चालण्याचं मात्र अवघड होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी आठलाच रस्ता पायाला चटके देतो, आणि संध्याकाळी निघावं तर प्रत्येक ओट्यावरून "बाई, बसा की" होतं. बसलं नाही तर माणसं नाराज होतात, बसलं तर घड्याळ. रोज संध्याकाळी लेकाचा फोन यायचा, "आई, आज पण हललीच न्हाईस." त्याच्या मागे कुलूप लटकताना मला दिसायचं.

आणि एके दिवशी चमत्कार झाला. मी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तरी त्याचा फोन आला. "शाब्बास आई! आज सकाळी सकाळी मोठी चक्कर मारली वाटतं?"

मी काही बोलले नाही. शिक्षकी पेशात एक गोष्ट अंगवळणी पडते, शाबासकी मिळाली की कारण विचारत बसायचं नाही. पण कारण शोधायला हवं होतं. सकाळी मी काय केलं होतं? आंघोळ, पूजा, आणि शेजारणीच्या सुनेला बरं नव्हतं म्हणून त्यांच्या घरच्यासुद्धा भाकऱ्या थापल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घड्याळ पिठाचं होऊ नये म्हणून जरा वर सरकवलं, परातीत गोळा घेतला आणि एक डोळा त्या काळ्या काचेवर ठेवून थापायला लागले. थप, थप, थप. आकडा सरकायला लागला. प्रत्येक थापेला घड्याळ एक पाऊल मोजत होतं. भाकरी गोल फिरत होती आणि पुण्यात मी चालत होते.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीची चैन झाली. मी एकटी बाई, मला लागतात दीड भाकरी. त्यात काही माझं चालणं पुरं व्हायचं नाही. मी शेजारणीला म्हणाले, तू तुझं पीठ आणून दे, मी थापते. मग पलीकडच्या घरचं पीठ आलं. कापसाच्या खुरपणीचे दिवस, बायांना सकाळी घाई, कुणी नाही म्हणालं नाही. बदल्यात वाट्या भरून कालवणं यायला लागली. कुणाकडचं वरण, कुणाकडची चुक्याची भाजी, शेजारणीचा झणझणीत ठेचा. मी इतकं चांगलं कधी जेवले नव्हते आणि लेकाच्या हिशेबी इतकं कधी चालले नव्हते. तो ऑफिसात सगळ्यांना सांगायचा म्हणे, आमची आई बघा.

"तुमच्या लेकाला काय सांगू नगा," शेजारीण म्हणाली, "आमच्या भाकरी बंद पडतील."

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि नागपंचमी आली.

पंचमीला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत. त्या दिवशी पुरण भरून उकडलेली दिंडं खायची. ही रीत मी जन्मापासून पाळत आले, तिच्यामुळे मी गोत्यात येईन असं मला कधी वाटलं नव्हतं. तवा नाही म्हणजे भाकरी नाही, आणि भाकरी नाही म्हणजे माझं चालणं नाही. दुपारी लेकाचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"आई, बरी हायस ना? आज एक पाऊल न्हाई. झोपूनच हायस का?"

आता याला काय सांगणार, की आज सण आहे म्हणून मी चालले नाही? मी म्हणाले, "आता निघालेच बघ." आणि खरोखर निघाले. गावाबाहेरच्या मोठ्या कडुलिंबाला झोके बांधले होते, तिथे माहेरवाशिणी आल्या होत्या. शेजारीण नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर होती. फोन पिशवीत घातला आणि पिशवी लिंबाच्या फांदीला अडकवली.

चालून मला तिथपर्यंत जेमतेम काही पावलं मिळाली होती. पोरींनी फुगडीचा फेर धरला, आणि माझ्या मनात आलं की भाकरीला जर हे घड्याळ चालणं समजतं तर फुगडीला पळणं समजेल. मी शेजारणीचा हात धरला.

"बाई, या वयात?"

"तू भिंत चढलीस ते कोणत्या वयात?"

बोटं आता दोघींचीही दुखतात. म्हणून आम्ही बोटांत बोटं न गुंतवता एकमेकींची मनगटं धरली, हात उलटसुलट करून, घट्ट. आणि फिरलो. पदर उडाला, लिंब फिरला, पोरी टाळ्या पिटायला लागल्या. माझ्या हातावर काही तरी थरथरत होतं, पण मला वाटलं ते माझंच अंग आहे. शेवटी चक्कर येऊन आम्ही दोघींनी मातीत बसकण मारली आणि हसून हसून आडव्या झालो. कित्येक वर्षांत मी तशी हसले नव्हते.

फिरताना शेजारणीचा अंगठा नेमका त्या बटणावर होता. तिने तो जिवाच्या आकांताने दाबून धरला होता, कारण तिला मला पडू द्यायचं नव्हतं.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. पुण्यात लेकाच्या फोनवर धोक्याचा निरोप गेला. त्याने मला फोन लावला, तो झाडाला टांगलेला. मग अडचणीला म्हणून दिलेल्या दुसऱ्या नंबरावर लावला. तो नंबर शेजारणीचा, आणि तिचा फोन तिच्या घरी कोनाड्यात. मग त्याने माझ्या पुतण्याला फोन केला. पुतण्या शेतात होता. तो मोटारसायकलवरून गावात शिरला आणि घराला कुलूप दिसल्यावर चौकात थांबून त्याने विचारलं, "बाई पडल्यात म्हणं, कुठं हायत?" एवढंच विचारलं त्याने. पण चौकात बाई पडल्या, दुकानापाशी बाई बेशुद्ध झाल्या, आणि देवळापाशी गेल्यावर बाई गेल्याच.

आम्ही मातीत आडव्या होतो तेव्हा रस्त्याने धूळ उठली. पुढे पुतण्या, मागे बिडी लपवणारे ते सगळे बापे, आणि चौघांच्या खांद्यावर एक बाज. एकाने दवाखान्यात फोन लावून ठेवला होता. सगळे लिंबाखाली येऊन थांबले. मी उठून बसले. केसांत पाला होता.

"बाज कुणासाठी आणलीत?" मी विचारलं.

माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, ज्याला साधी बेरीज येत नव्हती, त्याने बाज खाली ठेवली आणि तो तिच्यावर बसून रडायला लागला. मी त्याला रागावले, पण मला फार भरून आलं होतं.

खबर इतक्यावर थांबली नाही. संध्याकाळी पोखर्णीहून नणंद आली. एसटी बदलून, डोळ्याला पदर लावून, गल्लीच्या तोंडापासून रडत. दारात मी तिला दिंडं खाताना दिसले. तिचं रडणं तोंडातच राहिलं.

"वयनी, तुमी तर बसल्याव!"

"बसलेय. तू पण बस."

"मी वाटंवर किती रडले माहीत हाय का? सगळी एसटी माझ्यासंगं रडली!" ती खरंच चिडली होती. शिवाय तिने निघताना पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला होता, की माझी वयनी उठून बसू दे, ती स्वतः येऊन दंडवत घालील. मी बसलेलीच असल्यामुळे नवस आपोआप फळला होता आणि आता तो मला फेडावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परातीशी बसले होते. फाटक वाजलं. लेक आला होता. रात्रभर गाडी चालवून, डोळे लाल, अंगात ऑफिसचाच शर्ट.

"अरे, पुतण्यानं सांगितलं ना तुला, काही झालं न्हाई म्हणून?"

"सांगितलं. त्याचा फोन लागला तेव्हा नगरच्या पुढं होतो."

"मग वळायचं ना माघारी."

"न्हाई वळवलं." तो ओट्यावर बसला. "आई, बॅग भर."

भिंतीवरून शेजारीण बोलली, "लेकरा, चूक माझी हाय. माझ्या अंगठ्यानं झालं. बाईला काय बोलू नगं."

"काकू, तुमच्यावर राग न्हाई," तो म्हणाला. "पण मला तिकडं पुण्यात बसून समजत न्हाई ना, अंगठा हाय का आई पडलीय. फोन वाजत राहतो आणि कुणी उचलत न्हाई."

चूल पेटलेली होती, तव्यावरची भाकरी फुगली होती, दुसरी थापायची होती. मला राग आला की मी थापते. मी जोरात थापायला लागले. थोड्या वेळाने बघते तर लेक माझ्याकडे नाही, माझ्या मनगटाकडे बघत होता. मग त्याने खिशातला फोन काढून बघितला. मग पुन्हा मनगट.

"आई. तू आत्ता बसलेली हायस."

"मग?"

"पण तू चालायलीस."

परातीत थप थप. तो फोनकडे बघत राहिला आणि त्याच्या तोंडावर एकेक गोष्ट उजेडात यायला लागली. आषाढातल्या सगळ्या चकरा, सगळ्या शाबासक्या, ऑफिसातल्या बढाया. "रोज तू हेच..." एवढंच तो म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता ओट्यावरून खाली घसरला. भिंतीपलीकडून शेजारीणही हसायला लागली, आणि मग मीही. ओलं पीठ घड्याळाला लागलं.

हसणं ओसरल्यावर त्याने डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाला, "पण बॅग भर."

"एक विचारू? दिवसातून किती वेळा बघतोस माझं ते?"

तो खाली बघायला लागला. म्हणाला, "दात घासताना बघतो. मीटिंगच्या आधी बघतो. तुझे ठोके दिसले की मग कामाला लागतो." हे बोलताना तो दुसरीतल्या पोरासारखा दिसत होता. माझा राग गेला, पण मी तो चेहऱ्यावर तसाच ठेवला, कारण कुलूप अजून त्याच्या हातात होतं.

"मग मला पण तुझं दाव," मी म्हणाले. "तुझ्या हातावर पण तसलंच घड्याळ हाय. एकतर्फी कारभार मला चालायचा न्हाई."

त्याला आधी थट्टा वाटली. मग माझ्या फोनमध्ये काही तरी दाबदुब करून त्याने मला त्याचे ठोके आणि त्याची झोप दिसेल असं करून दिलं. आणि सवलत म्हणून एवढंच मान्य केलं की दिवाळीपर्यंत राहा, पण त्याआधी पुन्हा निरोप आला तर मी बाज घेऊन येईन, तीसुद्धा पुण्याची.

नणंदेबरोबर पोखर्णीला जाऊन मी नवस फेडला. दंडवत फार हळू घातला, आधी एक गुडघा, मग दुसरा, मग हात, मी पडले असं घड्याळाला वाटू नये म्हणून. देवाने समजून घेतलं असेल.

आणि इकडे मला नवा छंद लागला. सकाळी चहा ठेवला की फोन उघडायचा आणि लेक बघायचा. त्याची झोप बघून मी हैराण झाले. झोपच नव्हती. मधेच उठतो काय, पहाटेच ठोके पळायला लागतात काय. मी फोन करून झापायचे, "रात्री पहारा देतोस काय रे? आणि चालतोस किती? माझ्या भाकरी तुझ्यापेक्षा जास्ती चालतात." तो म्हणायचा, "आई, कामाचं टेन्शन हाय, उगं बेजार करू नगंस." सुनेला विचारलं तर ती म्हणाली, माझं नाही ऐकत, तुम्हीच बोला. दसऱ्यानंतर सून पोरांना घेऊन माहेरी गेली. एकटा होता, तेव्हा तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "ते घड्याळ काढून ठेव, फोन बंद कर आणि निजून जा," असं मी त्याला संध्याकाळी सांगितलं आणि विसरून गेले.

सकाळी चहा ठेवला, फोन उघडला. त्याचे ठोके नव्हते.

आकड्याच्या जागी नुसती एक आडवी रेघ होती. मी फोन झटकला. रेघच. फोन लावला, बंद. पुन्हा लावला. सुनेला लावला, तिचा लागेना. माझ्या डोळ्यांसमोर त्याची न्हाणी आली. ती गुळगुळीत फरशी, आतून बंद दार, आणि घरात कुणी नाही. तिथे भिंत नाही, भिंतीवरून विचारणारी कुणी नाही. चहा उतू गेला.

"काय झालं ओ बाई?" भिंतीवरून शेजारीण म्हणाली. तिला काय दिसलं माझ्या तोंडावर कुणास ठाऊक, ती परत भिंतीवरून अलीकडे उतरली.

मग मी जे केलं ते बाई म्हणून केलं. माझे विद्यार्थी पुण्यात कुठे कुठे आहेत ते मला पाठ आहे. एक रिक्षा चालवतो. एक दवाखान्यात कामाला आहे. एक फर्निचर करतो. तिघांना फोन केला. "बाई बोलतेय," एवढं म्हटलं की ते फोनवरसुद्धा उभे राहतात. पत्ता दिला. सांगितलं, दार नाही उघडलं तर तोडा, पैसे मी देते.

मी ओट्यावर बसून राहिले. शेजारणीने माझा हात धरला होता, पण या वेळी कुणाचा अंगठा कशावर नव्हता. ती शेतात गेली नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही.

फोन वाजला. लेकाचा होता.

"आई!" तो ओरडत होता. "हे काय हाय? दारात तीन माणसं हायत! एकाच्या हातात पहार हाय! मी आंघोळ करायलो होतो, तोंडाला साबण हाय माझ्या!"

"तुझे ठोके दिसत नव्हते."

"तूच तर म्हणलीस काढून ठेव आणि झोप! झोपलो! महिन्यानं पहिल्यांदा झोपलो, उठायला उशीर झाला!"

पलीकडे मागे माझा एक विद्यार्थी कुणाला तरी सांगत होता, बाईंनी दार तोडायला सांगितलं होतं, बरं झालं मी आधी बेल वाजवली. लेकाचा आवाज हळूहळू खाली आला.

"आई, तू घाबरली होतीस?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी झापलं असतं. "लय घाबरले रे," मी म्हणाले. "लय."

त्याचं श्वास घेणं मला ऐकू येत होतं, तो घ्यायला त्याला कुठल्या घड्याळाने सांगितलं नव्हतं.

"माझ्याकडं तीन माणसं आली," तो म्हणाला. "ती पण तू पाठवलीस म्हणून. तुझ्याकडं अख्खं गाव बाज घेऊन पळत आलं, मी एकालाच सांगितलं होतं तरी."

"म्हंजे?"

"म्हंजे बॅग राहू दे. दिवाळीला आम्हीच येतो तिकडं."

मी शेजारणीकडे बघितलं. ती लुगड्याच्या पदराने डोळे पुसत होती आणि मी बघते म्हटल्यावर नाक पुसल्यासारखं करत होती. फोनवर लेक अजून होता. ठेवतो म्हणत नव्हता. मग घसा साफ करून म्हणाला,

"आई, चा झाला का?"

"उतू गेला," मी म्हणाले. "दुसरा ठेवते. तुझा?"